कवळीताई एकट्याच जातात

"एकटी जाणार? छान! कोणाबरोबर?"

त्या आठवड्यात कवळीताईंना हा प्रश्न इतक्या जणांनी, इतक्या सरळ चेहऱ्याने विचारला, की शेवटी आपल्याच बोलण्यात काहीतरी खोट असावी असं त्यांना वाटायला लागलं. एकटी म्हणजे एकटी. त्यात 'बरोबर' कुठून शिरलं?

"एकटी म्हणजे एकटीच गं," त्या लॅबमधल्या पॉलिशवालीला म्हणाल्या.

"हो हो, कळलं. म्हणजे तुम्ही आणि सर."

"सर नाहीत."

"अय्या! मग लेक येणार असेल."

"लेक तिच्या गावी, तिच्या नोकरीवर."

पॉलिशवालीने मशीन बंद केलं. चष्मा कपाळावर चढवला. "मग होडी कोण चालवणार?"

ताईंच्या हातात त्या वेळी कोणाच्या तरी वरच्या दातांची मेणाची पट्टी होती. ती त्यांनी फार जपून टेबलावर ठेवली. जपून ठेवली नसती तर ती भिंतीवर गेली असती आणि कोणा बिचाऱ्या आजोबांना आणखी एक आठवडा पेजेवर काढावा लागला असता.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ही दातांची लॅब होती. दारात पाऊल टाकलं की प्लास्टरची पांढरी भुकटी चपलेला लागायची आणि नाकात तापलेल्या मेणाचा वास भरायचा. डॉक्टर लोक माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवत. ताई त्यांचे साचे ओतत, मेणात एकेक दात लावून बघत, काढत, घासत, पुन्हा लावत. उभी हयात यात गेली, म्हणून त्या कवळीताई. खरं नाव पगाराच्या पाकिटावर असायचं, तेवढंच. गावातली निम्मी म्हातारी माणसं ताईंच्या दातांनी हसायची, आणि उरलेली निम्मी ताईंच्याच दातांनी लोकांची उणीदुणी काढायची.

या कामाने ताईंना एक खोड लावली होती. काही जरा वाकडं बसलं की त्यांना चैन पडत नसे. आणि घरात तर सगळंच वाकडं बसत होतं, कारण घरात सर होते.

सर म्हणजे ताईंचे यजमान. लोकांना गाडी शिकवायचे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे सरांचा तो पाय घरीसुद्धा रिकामा राहत नसे. ताई दूध ओतायला लागल्या की सरांचा पाय टेबलाखाली दाबला जाई. "सावकाश... सावकाश... हं, आता सोड." ताई जिना उतरायला लागल्या की वरून आवाज, "पुढे बघ, पुढे!" माणूस वाईट नव्हता. हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

दर वर्षी सुट्टीत दोघं तलावावर जात, एक हलकी, निमुळती होडी भाड्याने घेत आणि दिवसभर वल्हवत. ताई पुढच्या फळीवर, सर मागच्या. होडीची दिशा मागे बसणाऱ्याच्या हातात असते, आणि सरांच्या हातात दिशा आली की तोंडही सुरू होई.

"डावं! डावं! अगं, डावं म्हणजे होडीचं डावं!"

"होडीचं आणि माझं डावं एकच आहे हो!"

"मग मार ना!"

इतक्या वर्षांत ताईंनी त्या तलावाचा काठ पाहिला, बगळे पाहिले, ढग पाहिले. पण आपण वल्हं मारल्यावर होडी नेमकी कुठे जाते, हे काही त्यांना कधी कळलं नाही. कारण होडी कुठेही गेली तरी ती सरांनी नेलेली असे, आणि भलतीकडे गेली तर ताईंनी.

म्हणून यंदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "मी एकटी जाणार. आतल्या तलावावर. दोन रात्री तिथेच राहणार."

सरांचा पाय टेबलाखाली दाबला गेला.

आतला तलाव म्हणजे जिथे रस्ता जात नाही, फोन लागत नाही. बाहेरचा तलाव पार करायचा, मग होडी डोक्यावर घेऊन झाडीतून पलीकडे चालत जायचं, की आतला तलाव. तिथे राहायचं तर तंबू ठोकायचा आणि स्वतःचं स्वतः रांधायचं.

"उलटली तर?" सर म्हणाले.

"पोहता येतं."

"अगं, पण उलटली तर?"

"मग सरळ करीन."

"उलटी झाली तर गोळी ठेव जवळ," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "पाण्यावर मळमळतं."

"आई, मी होडीबद्दल बोलतोय!"

"मी पण होडीबद्दलच बोलतेय."

सासूबाईंना महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आधी कवळी काढून वाटीत ठेवत. ती कवळी सुनेनेच केलेली, त्यामुळे सुनेच्या बाजूने बोलताना ती काढावी लागते असं त्यांचं म्हणणं. नाहीतर लोक म्हणतील दातांनीच वदवून घेतलं. तर त्यांनी कवळी काढली.

"जाऊ दे तिला. पण एक शांगते. मध्येच कोणाला बोलवावं लागलं, कोणी जाऊन आणावं लागलं, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. मग पुढच्या फळीवर गप बशायचं, आणि तो म्हणेल तिकडे मारायचं."

"आणि एकटी जाऊन एकटी परत आले तर?"

"तर दर वर्षी जा. कोणाच्या बापाला विचारू नकोश."

सर म्हणाले, "आई, तिचा बाप नाही, मी नवरा आहे." पण सासूबाईंनी तोवर कवळी परत घातली होती आणि सभा संपली होती.

आता खरा वैताग सुरू झाला. ताईंनी पिशवी भरली की सर ती उपसत आणि 'नीट' भरत. ताईंनी एक विजेरी ठेवली, सरांनी आणखी दोन कोंबल्या. ताई झोपल्यावर सर उठून एक शिटी घालून आले. "वाजव नुसती!"

"आणि ऐकणार कोण? फोन लागत नाही तिथे, शिटी लागेल?"

"असू दे गं. वजन किती तिचं!"

निघायच्या सकाळी त्यांनी पिशवी पुन्हा एकदा उचलून पाहिली, पुन्हा उघडली, काहीतरी काढलं, काहीतरी घातलं. ताईंनी दात आवळले. स्वतःचे, खरे.

होडीवाल्याच्या शेडपाशी होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. होडीवाला म्हणजे एक सुकलेला म्हातारा, वरचा डावा सुळा गायब. ताईंची नजर आधी तिथेच गेली.

"किती जण?" त्याने विचारलं.

"एक."

"आणि तुमच्याबरोबर?"

"मीच ती एक!"

म्हाताऱ्याने त्यांना वर-खाली पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, मग एक हिरवी होडी ओढून पाण्याला लावली. "दोघांची होडी आहे. एकट्या जाताय ना, मग उलटी करून बसा. म्हणजे त्रास नाही."

ताईंच्या डोक्यात ठिणगी पडली. आठवडाभर घरात हाच जप चालला होता, उलटली तर, उलटी झाली तर. आता हा परका माणूस, भाडं आगाऊ घेऊन, तेच म्हणतोय!

"उलटी करून? आणि तुम्ही काठावरून टाळ्या वाजवणार का?"

"अहो बाई, मी काय म्हणतो..."

"काय म्हणता ते कळलं मला. त्या सुळ्याचं काहीतरी करा, बोलताना हवा जाते तुमची." आणि पिशव्या मागच्या टोकाला टाकून ताई नेहमीप्रमाणे पुढच्या फळीवर बसल्या आणि निघाल्या.

निघाल्या म्हणजे काय, फिरल्या. ताईंचं वजन पुढे, त्यामुळे पुढचं टोक पाण्यात नाक खुपसून बसलं आणि मागचं टोक वाऱ्यावर शेपटीसारखं हलायला लागलं. ताईंनी उजवीकडे मारलं, होडी डावीकडे वळली आणि वळतच राहिली. डावीकडे मारलं, ती उजवीकडून फिरून पुन्हा होडीवाल्याकडे तोंड करून उभी. म्हातारा काठावर कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याने तोंडाशी हात नेऊन ओरडून सांगितलं, "उलटी करा! उलटी!"

"तूच हो उलटा!" ताई पुटपुटल्या.

एका झाडाच्या आड गेल्यावर त्या काठाला लागल्या आणि जागा बदलून मागच्या फळीवर गेल्या, सरांच्या जागी. आता पुढचं टोक हवेत. वाऱ्याची झुळूक आली की होडी गोल. ताईंना वाटलं, हीच ती वेळ. आत्ता सर इथे असते तर म्हणाले असते, मी सांगत होतो. सर इथे नव्हते, तरी ते ऐकू येत होतंच.

पुन्हा काठ. ताई खाली उतरल्या, होडीला एक लाथ घातली, आणि कामावर एखादा साचा बसत नसला की बघतात तसं तिच्याकडे बघत बसल्या. दोन्ही टोकं तंतोतंत सारखी. पुढची फळी टोकापासून बरीच आत, कारण पुढे बसणाऱ्याला पाय पसरायला जागा लागते. मागची फळी पार शेवटी. म्हणजे पुढच्याच फळीवर, पण तोंड फिरवून बसलं तर? तर पुढचं ते मागचं होतं. वजन जवळजवळ मध्ये येतं. समोरच्या टोकाला पिशव्या टाकल्या की झालं.

उलटी करून बसा!

"अरे माणसा," ताई मोठ्याने म्हणाल्या, "'फिरवून' म्हणायला काय झालं होतं? फिरवून! उलटी म्हणे! या जगात एकाला धड बोलता येईल तर शपथ!"

आणि ज्या फळीवर इतकी वर्षं बसल्या त्याच फळीवर, पाठ तिकडे करून, बसल्या. पहिल्या चार-सहा हातांत होडी अडखळली. मग चालायला लागली. सरळ म्हणता येणार नाही, पण ताई म्हणतील तिकडे. ताईंना एकदम हसू फुटलं आणि त्याचाही त्यांना राग आला, कारण हसण्याच्या नादात त्या जवळजवळ लव्हाळ्यात शिरल्या.

झाडीतल्या वाटेवर होडी डोक्यावर घेणं हा एक वेगळाच छळ होता. तिच्या आत डोकं घातलं की फक्त आपले पाय दिसतात. एका फांदीने त्यांच्या थोबाडीत मारली, डास कानात बोलून गेले. पण ते पार पडलं. मग आणखी एक फेरी पिशव्यांसाठी. आणि ऊन कलताना ताई आतल्या तलावाच्या एका सपाट खडकावर उभ्या होत्या, चहूकडे झाडं, मध्ये पाणी, आणि एकही माणूस 'सावकाश' म्हणायला नव्हता.

त्यांनी तंबूची पिशवी उघडली. कापड होतं. खुंट्या होत्या. काठ्या नव्हत्या.

त्यांनी पिशवी झटकली. दुसरी झटकली. तिसरीतून तीन विजेऱ्या, शिटी, गरम पाण्याची पिशवी आणि सरांची जुनी छत्री निघाली. छत्री! बरोबर काठ्यांच्या लांबीची. सकाळी 'काहीतरी काढलं, काहीतरी घातलं' ते हे.

इथे ताईंनी जे उद्गार काढले ते ऐकायला एक खार होती, ती झाडावर चढून गेली.

पण पोट भरल्यावर डोकं ताळ्यावर येतं. ताईंनी अंडी उकडली, ब्रेड खाल्ला, आणि दोन झाडांमध्ये दोर ताणून त्यावर खाली अंथरायला आणलेली ताडपत्री टाकली. एक बाजू खाली झुकत होती. त्यांनी गाठ सोडली, पुन्हा बांधली, लांबून पाहिली, पुन्हा सोडली. जेव्हा ती अशी बसली की बोट घालायला फट राहिली नाही, तेव्हा त्या आत शिरल्या आणि तंबूचं कापड अंगावर घेऊन झोपल्या. थंडी वाजली. झोप मोडली. पण कोणाला हाक मारावी लागली नाही.

दुसरा दिवस फार चांगला गेला, निदान दुपारपर्यंत. ताईंनी कितीदा तरी होडी पाण्यात घातली, बाहेर काढली, एका बेटाला वळसा घातला, एक वल्हं विनाकारण मारून पाहिलं. दुपारी खडकावर पाय पसरून त्या चहा पीत बसल्या होत्या. आता आजची रात्र, मग उद्या परत, आणि मग दर वर्षी.

तेवढ्यात तलावाच्या पार मध्यावर त्यांना एक होडी दिसली.

होडीचं पुढचं टोक आभाळाकडे. मागच्या फळीवर एक माणूस. होडी वाऱ्यावर गोल फिरतेय. माणूस जीव खाऊन वल्हं मारतोय आणि मध्येमध्ये, मागे मान वळवून, कोणालातरी सूचना देतोय असं वाटतंय. स्वतःलाच देत असणार.

"नाही," ताई म्हणाल्या. "नाही. नाही. नाही!"

तेच होते. टोपी तीच. ताई दिसल्याबरोबर सरांनी आनंदाने हात हलवला. तो दिसला नसेल असं वाटून ते हात हलवण्यासाठी होडीत उभे राहिले.

ताईंच्या हातून कप सुटला.

"अरे ए! बस खाली! बस म्हणते ना! हलू नकोस!"

सर खाली बसले. असे बसले की जणू कोणीतरी जादा ब्रेक दाबला. होडी दोन्ही बाजूंनी पाणी प्यायला टेकली, नको म्हणाली आणि डोलत राहिली. ताई तोवर स्वतःच्या होडीत बसून निघाल्या होत्या.

"वल्हं आत घे!" जवळ गेल्यावर त्या म्हणाल्या. "गुडघ्यावर बस. आता हळूच पुढे सरक. मधला दांडा धर. उभा राहिलास तर बघ!"

"अगं, पण मी..."

"बोलू नकोस! सरक!"

सर सरकले. टोक खाली आलं.

"आता माझ्या मागून ये. माझ्याकडे बघ, पाण्याकडे नको. डावं मार. डावं!"

"होडीचं की माझं?"

ताईंनी मागे वळून असं पाहिलं की सरांनी दोन्हीकडचं मारलं.

खडकाला लागल्यावर सर उतरले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, नाक उन्हाने लाल. त्यांनी होडीतून एक लांबट पुडकं काढलं आणि नैवेद्यासारखं पुढे धरलं.

"काठ्या," ते म्हणाले. "तंबूच्या. दारामागे सापडल्या."

"दारामागे कोणी ठेवल्या?"

सर पुडक्याकडे बघत राहिले. "आई म्हणाली, जाऊ नकोस. ती चिडेल."

"मग?"

"आईचं मी कधी ऐकलंय?"

"आणि झाडीतून होडी कशी आणलीत? तुमची कंबर..."

"ओढली."

"ओढली! होडीवाला सोलून काढेल तुम्हाला!"

"त्याने मला काहीतरी सांगितलं होतं. होडी उलटी करा म्हणून. मला वाटलं, टिंगल करतोय."

इथे खरं तर ताईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सासूबाईंची वाटी आली. कोणी जाऊन आणावं लागलं तर. आता घरी, लग्नाकार्यात, लॅबमध्ये, पॉलिशवालीपासून लेकीपर्यंत सगळीकडे एकच गोष्ट फिरणार, कवळीताई एकट्या गेल्या आणि तंबूच्या काठ्या विसरल्या, शेवटी बिचारे सर धावले. यात ताडपत्री कुठेच नसणार. कालचा दिवसच नसणार.

"तू मला अरे म्हणालीस," सर अचानक म्हणाले.

"काय?"

"पाण्यावर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. अरे ए म्हणालीस."

"मग काय म्हणायला हवं होतं? अहो, ऐकलंत का, जरा खाली बसता का? तेवढ्यात बुडाला असता."

सरांनी यावर विचार केला. "एवढं मोठ्याने तू घरी कधी बोलत नाहीस."

"घरी तुम्ही ऐकता कुठे?"

वारा गार व्हायला लागला होता. सरांनी ताडपत्रीकडे पाहिलं, तिच्याभोवती फेरी मारली, दोर दाबून पाहिला. त्यांच्या ओठांवर सूचना येताना ताईंना स्पष्ट दिसली. पण ती आली नाही.

"कापड तुझ्याकडे, काठ्या माझ्याकडे," सर उगाच हसत म्हणाले. "म्हणजे मिळून एक तंबू होतो. रात्री गारठा असेल. आता आलोच आहे तर..."

आता आलोच आहे तर. ताईंना ठाऊक होतं, हे फार सोपं होतं. काठ्या कापडात सरकवायच्या, बटाटे दोघांचे टाकायचे, उद्या दोघांनी मिळून परत जायचं. पुढे कोण, मागे कोण, हेही ठरलेलंच. माणूस थकलाय, भिजलाय, आपल्यासाठीच आलाय. नाही म्हटलं तर आपणच वाईट.

त्यांनी आत जाऊन तंबूचं कापड काढलं, घडी केली, खुंट्या वर ठेवल्या आणि सगळं सरांच्या हातात दिलं.

"तंबू तुम्ही घ्या. पलीकडच्या काठावर सपाट जागा आहे, मी सकाळी पाहिली. तिथे लावा."

"आणि तू?"

"माझं हे आहे."

"अगं, तुझ्या अंगावर काय मग?"

"दोन स्वेटर."

"वेडी आहेस का? मी तुझ्यासाठी काठ्या आणल्या आणि तू मलाच..."

"मी मागितल्या नव्हत्या. मी त्यांना हातही लावलेला नाही, आठवणीत ठेवा. मी एकटी आलेय. तुम्हीही एकटे आलात, तुमचं तुम्ही बघा. हे घ्या चार बटाटे आणि काडेपेटी. अंधार पडायच्या आत पोचा."

सरांनी बटाटे खिशात टाकले. होडीशी जाऊन ते घुटमळले. मागच्या फळीकडे वळले, थांबले, आणि मग विचारलं, अगदी त्यांच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या लोकांसारखं, "उलटी करून म्हणजे बसायचं कसं?"

"पुढच्या फळीवर. तोंड फिरवून."

"आणि हे समोर रिकामं राहतं ते?"

"तिथे तंबू ठेवा. वजन लागतं."

पलीकडचा काठ म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण सरांना तिथे पोचायला बराच वेळ लागला. ताईंनी मुद्दाम पाठ करून बटाटे सोलले. मध्येच पाण्यावरून आवाज आला, "अगं, खुंट्या आधी की काठ्या आधी?" ताईंनी चुलीत लाकूड सारलं. पुन्हा आवाज आला, "बरं, असू दे!" ताईंची बोटं सुरीवर पांढरी झाली होती. संध्याकाळ सरेपर्यंत पलीकडे एक तंबू उभा राहिला. एका कुशीवर कललेला. ताईंना तो इतका बोचायला लागला, की शेवटी त्यांनी ताडपत्रीची त्या बाजूची कड खाली ओढून घेतली.

सकाळी त्या चहा ठेवायला उठल्या तेव्हा पलीकडे तंबू नव्हता. होडी नव्हती. गवत तेवढं दबलेलं.

"सांगून जायचं तरी!" ताई कडाडल्या. "माणूस आहे की कोण! एक हाक मारता येत नाही?"

मग त्यांच्या लक्षात आलं. हाक मारली असती तर आपण काय म्हणालो असतो? थांबा, आलेच. आणि होडीवाल्याच्या शेडपाशी दोन होड्या एकापाठोपाठ लागल्या असत्या, आणि सासूबाईंनी वाटी पुढे ओढली असती. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं होतं, तेही नेमकं चहाच्या वेळी.

ते दूरवर दिसले. पुढच्या फळीवर, तोंड फिरवून. समोरच्या टोकातून तंबूच्या काठ्या शिंगांसारख्या बाहेर आलेल्या. होडी चालत होती, पण डावीकडे ओढ घेत होती, सरळ लव्हाळ्याच्या दिशेने. जरा उजवीकडे वल्हं धरून ठेवलं असतं तर पुरे होतं. इतकं साधं. ताई खडकाच्या टोकाला गेल्या. हात तोंडाशी नेला. छाती भरून श्वास घेतला.

आणि तो तसाच धरून ठेवला.

सर लव्हाळ्यात शिरले. वल्हं अडकलं, टोपी पडली, ती काढायला गेले तर होडी आडवी झाली. ताईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. मागे सरकून, ढकलून, बहुधा शिव्याही देऊन, सर बाहेर निघाले. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मग ते झाडीच्या टोकापलीकडे गेले आणि तलावावर काहीही उरलं नाही.

ताईंनी श्वास सोडला. चहा उकळून उकळून अर्धा झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

परत कुठून जायचं? डावीकडचा काठ जवळचा. उजवीकडून गेलं तर बेटाला पूर्ण वळसा, वारा समोरून, आणि मिळणार काहीच नाही. त्यांनी ताडपत्री सोडली, दोर गुंडाळला, पिशव्या पुढच्या टोकाला टाकल्या, फळीवर बसल्या आणि होडी खडकापासून लोटली. उजवीकडे.

"काय करायचंय ते करीन," ताई कोणालाच उद्देशून म्हणाल्या, आणि वाऱ्याने त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं.